दूध चांगलं हाय

"माशाचं? आन् ह्या घरात?"

भिमाबाईंनी बाटली नाकाशी नेली आणि अशी झटक्यात लांब धरली की मला वाटलं, आता ही उंबऱ्याबाहेर भिरकावली जाणार. "बाई, आमचं मालक माळकरी हायेत. ह्या चुलीवर कदी अंडं चडलेलं न्हाई. आन् तुमी माज्या नातवाच्या तोंडात मासं घालाया निगाला व्हय?"

"मासा नव्हे हो मावशी, नुसतं तेल आहे. माशाच्या काळजातनं काढलेलं."

"काळजातनं!" भिमाबाई म्हणाल्या. "त्यापरीस मासा परवडला."

मी जीभ चावली. बोलण्याच्या भरात आपणच आपलं काम बिघडवायचं, ही माझी जुनी खोड.

हे सन अठ्ठावन्नच्या आषाढातलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि कोळवण खोऱ्याच्या तोंडाशी दोन खोल्यांच्या दवाखान्यात नर्स होते. एका खोलीत औषधं, दुसऱ्या खोलीत मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही एसटी आली तर. बाकीचे सहा दिवस खोऱ्यातल्या माणसांना मीच डॉक्टर, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. पांढरं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन निघाले की लोक बांधावर सरकून वाट द्यायचे आणि "लीलाबाई नर्स चालल्या" म्हणायचे. शिक्षण अठरा महिन्यांचं होतं, पण रुबाब अठरा वर्षांचा.

त्या साली दवाखान्यात तेलाच्या तपकिरी बाटल्यांच्या पेट्या आल्या होत्या. अंगावर पिणाऱ्या मुलांना ते रोज थेंब थेंब द्यायचं, म्हणजे हाडं बळकट होतात, मुडदूस होत नाही. शहरात बाळाला अंगणात उन्हात घेऊन बसलं तरी पुष्कळ काम होतं, हेही मला शिकवलं होतं. पण आषाढात मुळशीत ऊन कुठून आणायचं? चार महिने सूर्य इकडे रजेवर असतो. झड आत येऊ नये म्हणून घराच्या भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधतात, आणि बाळंतिणीच्या खोलीची एकुलती एक खिडकी चिंध्या कोंबून बंद करतात. आत गेलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

आणि त्या घरात मुडदूस उंबऱ्यावरच बसला होता. भिमाबाईंचा थोरला नातू बहिरू, वय तीन. पाय असे बाहेरच्या बाजूला वाकलेले की मधून मांजर निघून जावं. दोन पावलं चालायचा आणि बसायचा. त्याला बघूनच मी ह्या वाडीत तिसऱ्यांदा आले होते, ओढा ओलांडून, गुडघाभर चिखलातून. धाकट्याचे पाय तरी सरळ राहावेत, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजवर स्वतःलाच किती वेळा सांगितलं असेल.

धाकटा आत होता, आईच्या मांडीवर. त्याचं नाव कोंडाजी, पणजोबांचं. अडीच महिन्यांच्या गोळ्याला एवढं भारदस्त नाव ठेवलेलं बघून मी बारशालाच हसले होते. त्याची आई साळू एकोणीस-वीस वर्षांची, माहेर मुठा गावचं, अंगानं काटकुळी; पण दूध एवढं की चोळी कायम ओली. पोर पिता पिता दमून झोपायचं आणि दूध गालावरून ओघळत राहायचं. गुटगुटीत, मनगटाला वळी पडलेलं पोर होतं. त्याच्या अंगात काही कमी आहे, असं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"बगा की ह्याच्याकडं," भिमाबाई म्हणाल्या. "ह्याला काय धाड भरलीय? आयचं दूध पितुया, झोपतुया. आमच्या सात पिड्या दुदावर वाडल्या."

"बहिरूही दुधावरच वाढला ना?"

बरोबर वर्मावर बोट पडलं होतं. मी लगेच पुढं रेटलं. "आईच्या दुधात सगळं असतं मावशी, पण एक जीवनसत्त्व कमी असतं."

"सत्त्व?" भिमाबाईंचा आवाज चढला. "कुनाचं सत्त्व कमी? सुनंच्या सत्त्वाला काय झालं?"

आतून साळूनं मान वर केलेली मला त्या अंधारातही कळली. मी घाईघाईनं "तसं नाही, तसं नाही" म्हणाले आणि दुसरा शब्द शोधायला लागले. मला त्या लोकांची बोली येते, असा माझा मोठा तोरा होता. डॉक्टर पुस्तकातलं बोलायचे आणि लोक नुसत्या माना हलवायचे. मी मात्र त्यांच्यातली होऊन सांगते, त्यांना पटतं, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. तेव्हा मी पदर खोचला, भिमाबाईंच्या शेजारी टेकले आणि अगदी त्यांच्या तोंडच्या भाषेत म्हणाले,

"मावशी, तुमच्या सुनंच्या दुदात खोट हाय. ती ह्या तेलानं भरून निगती."

भिमाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग बहिरूच्या पायांकडं बघितलं. मग त्यांनी हात पुढं केला आणि बाटली घेतली.

"आसं सांगा की मग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खोट हाय म्हना. किती थेंब?"

मी थेंब सांगितले, बाटलीवर शाईनं रेघा मारून दिल्या. मालकांच्या माळेला बाधा नको म्हणून बाटली गोठ्यात ठेवायची, पोराला तिथंच नेऊन तेल द्यायचं, असं त्यांनी आपणहून ठरवलं. आत साळूनं पोराच्या तोंडातून स्तन सोडवून पदर सावरला. मला वाटलं, लाजली.

माझ्या मराठीत खोट म्हणजे तूट. त्यांच्या वाडीत खोट म्हणजे आतून नासणं. म्हशीच्या दुधात खोट आली की ते दूध ओढ्यात ओततात, वासराला तोंड लावू देत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. ऐकलं होतं कधीतरी. पण त्या क्षणी मी जिंकत होते, आणि जिंकणाऱ्याला असलं काही आठवत नाही.

परत येताना मी भलतीच खुशीत होते. माळकऱ्याच्या घरात माशाचं तेल देऊन आले, म्हणून मंगळवारी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लीलाबाई, तुम्ही कमाल करता." मी दोन दिवस त्या वाक्यावर काढले.

मग पाऊस जो लागला तो लागलाच. ओढा दोन्ही थड्या भरून वाहायला लागला. वाडीचा आणि आमचा संबंध तुटला. अठरा दिवस पलीकडचं माणूस अलीकडं आलं नाही. मी खिडकीशी बसून नोंदवह्या लिहिल्या, माझ्या लेकीला पत्र लिहिलं. माझी लेक पुण्याला माझ्या बहिणीकडं वाढत होती. नवरा गेला तेव्हा ती नऊ महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून मी तिला तशीच बहिणीच्या ओटीत घातली. छातीवर धोतराचा धडपा घट्ट आवळून मी वर्गात बसायचे. पाच-सहा दिवस असे जातात की बाईनं ते कुणाला सांगू नयेत. दूध आटतं, पण ते सुखासुखी आटत नाही.

एकोणिसाव्या दिवशी ओढा उतरला. दोरी धरून मी पलीकडं गेले.

भिमाबाई ओट्यावरच होत्या. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, आला व्हय? देवावानी आला. पोरगं लई उतरलंय हो."

त्यांनी कोंडाजी माझ्या हातात दिला. मी हातात घेतला आणि मला आधी वाटलं, हे दुसरंच कुणाचं तरी पोर आहे. मनगटाच्या वळ्या गेल्या होत्या. टाळू खोल गेली होती. डोळे मोठे, कोरडे. दुपट्याला पिवळ्या पाण्याचा वास येत होता.

"तेल दिलंत?"

"एक दीस खाडा न्हाई." त्यांनी गोठ्यातून बाटली आणून दाखवली. तेल माझ्या शाईच्या रेघेला बरोबर टेकलं होतं, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. इतकं तंतोतंत औषध दिलेलं मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

मग माझी नजर चुलीजवळ गेली. तिथं पितळेचं बोंडलं पडलं होतं, दूध पाजायचं, आणि शेजारी पाणी घातलेल्या म्हशीच्या दुधाची वाटी, तिच्यावर माश्या.

"हे कुणासाठी?"

"कोंडाजीला, आनि कुनाला?" भिमाबाई म्हणाल्या. "तुमी गेला त्याच दिशी तिचं दूध तोडलं की म्या. तुमी खोट सांगितली, पर म्हनलं आपन बी एकदा बगावं. पळीत तिचं दूध काडलं आन् मुंगी टाकली. बाई, मुंगी तितल्या तितं मेली! म्या त मटकन बसले. आसलं जहर पोराच्या पोटात दोन म्हैनं जात व्हतं."

मी तशीच आत गेले.

साळू भिंतीला टेकून बसली होती. चोळीवरून जुन्या लुगड्याचा पट्टा तीन वेढे देऊन आवळला होता, गाठ पाठीमागं मारलेली, तिला स्वतःला सुटू नये म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. दुधात खोट असलेली बाई दुसऱ्या बाईच्या डोळ्याला डोळा देत नाही.

"साळू, हे कुणी बांधलं?"

"आत्याबाईंनी. पर माजंबी आयकलं त्येंनी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "म्याच म्हनलं, घट बांदा. तो रडाया लागला की मला ऱ्हावत न्हाई. पाजलं त मरंल त्यो."

मी ती गाठ दातांनी सोडली. हातांनी सुटतच नव्हती.

त्यानंतर मी जे जे येत होतं ते सगळं केलं. पाणी उकळून, साखर आणि चिमटीभर मीठ घालून चमच्यानं थेंब थेंब तोंडात सोडलं. साळूच्या छातीला शेक दिला, हातानं दूध उतरवायला लावलं. भिमाबाई दारात उभ्या राहून "बाई, काय करताय हे, बाई" म्हणत होत्या. मी त्यांना अशी ओरडले की ओट्यावर बसलेले कुशाबा, त्यांचे मालक, उठून उभे राहिले. शेजारच्या भिवाजीला डॉक्टरांना आणायला पिटाळलं. कोंडाजीला छातीशी धरलं तर त्यानं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि सोडलं. ओढायचं बळच उरलं नव्हतं. पण वास त्याला ओळखीचा होता. तो मान तिकडंच ठेवून पडून राहिला. साळूनं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोळपाटावर भाकरी थापल्याचा आवाज येत असताना, तो गेला. डॉक्टर पोचले तेव्हा त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हगवणीनं पावसाळ्यात जातातच मुलं." त्यांना खोट शब्दाचं काही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. भीती वाटली. नोकरी गेली तर लेकीचं काय, हा विचार पोर साळूच्या मांडीवर थंड होत असताना माझ्या डोक्यात आला. तो मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का गेले ते सांगता येत नाही. घरी बसवत नव्हतं म्हणून गेले.

मला वाटलं होतं शिव्या मिळतील. भिमाबाईंनी पाट मांडला. कुशाबांनी "या बाई" म्हटलं. साळू कुठं दिसत नव्हती. भिमाबाईंनी कोनाड्यातून एक कोरं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांचा मुलगा जयसिंग, साळूचा नवरा, मुंबईला गिरणीत होता.

"जयसिंगाला लिवाया पायजे. ह्येंचं अक्षर कुनाला लागत न्हाई. तुमीच लिवा, तुमच्या हातचं आसलं म्हंजी त्याचा इस्वास बसंल."

मी टाक काढला.

"लिवा, कोंडाजी गेला. लिवलं? आता लिवा, तुज्या बायकूच्या दुदात खोट व्हती. नर्सबाईंनी पारकून सांगितलं. बहिरूचं पाय बी त्यानंच गेलं. तिला मुठ्याला धाडतोय. फुडलं तू आल्यावर बगू."

टाक कार्डावर टेकला आणि तिथंच शाईचा ठिपका पडला.

"बाई?"

"हे मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

"का?"

"कारण ते खोटं आहे. मावशी, माझा शब्द चुकला. तिच्या दुधात काहीही वाईट नव्हतं. थोडं काही कमी असतं, ते सगळ्या आयांच्या दुधात असतं, माझ्याही होतं. म्हणून वरून तेल द्यायचं. दूध तोडायचं नाही. दूध पाजायचं आणि तेल द्यायचं, दोन्ही. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

भिमाबाई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी मायाळू हायसा बाई. त्या पोरीला झाकाया बोलताय. कळतंय मला."

मला वाटलं, आता भिंतीवर डोकं आपटावं. एक शब्द सहज बोलले तर तो वेद झाला, आणि आता खरं सांगते आहे तर ती माया झाली! मी पुन्हा सांगितलं, शपथ घातली, माझ्या लेकीच्या गळ्याची शपथ घेतली. त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आवो, मुंगी खोटं बोलती का? डोळ्यांनी बगितलं म्या."

"मग पुन्हा बघा."

मी उठले, चुलीजवळची पळी घेतली, तिच्यात म्हशीचं दूध घातलं, बहिरू पीत होता तेच. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. एक उचलून टाकली. ती दोनदा पाय हलवून शांत झाली. कुशाबा ओट्यावरून आत आले आणि वाकून बघायला लागले. मी दूध ओतून टाकलं आणि माठातलं पाणी घेतलं. दुसरी मुंगी. तीही मेली.

"पानी?" भिमाबाई म्हणाल्या. "पान्यात बी?"

त्यांनी माझ्या हातातून पळी घेतली, स्वतः नवं पाणी भरलं, स्वतः मुंगी उचलून सोडली. आणि बसून बघत राहिल्या. मुंगी तडफडत होती. एकाएकी भिमाबाईंनी बोट पुढं केलं, तिला चढता यावं म्हणून काठाशी धरलं. "ये, ये, वर ये," म्हणाल्या. ती वर आली नाही.

त्या क्षणी मला कळलं, मी काय केलं ते. साळूला सोडवायचं म्हणून मी त्या बाईचा गळा धरला होता. नातवाच्या तोंडचं दूध कुणी तोडलं, बोंडल्यानं कुणी पाजलं, हे आता त्यांना पळीत दिसत होतं. मीच त्यांना दाखवलं होतं. दुसरी वाट असेल तर मला ती आजही सापडलेली नाही.

बहिरू रांगत आला आणि पळीतलं पाणी सांडून गेला.

"लिवा," भिमाबाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

"लिवा, दूध चांगलं व्हतं. तुज्या आयनं तोडलं."

मी लिहिलं. पत्र त्यांना वाचता येत नव्हतं. कुशाबांनी कार्ड हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, ओठ हलवत एकेक अक्षर लावलं. मी लिहिलं होतं, 'कोंडाजी गेला. दूध चांगलं होतं. नर्सबाईच्या सांगण्यात चूक झाली. साळूचा काही दोष नाही, आईचाही नाही.' त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडं बघितलं आणि कार्ड बंडीच्या खिशात ठेवलं. "म्या सोता टाकतो पोस्टात," एवढंच म्हणाले.

दिवाळीला जयसिंग आला. दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, उंच, मुंबईचा शर्ट घातलेला. आता हा मला काय बोलेल ते बोलून घेऊ दे, म्हणून मी उभीच राहिले. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. "पत्र पोचलं," तो म्हणाला, आणि गेला. साळूला मुठ्याला धाडलं नाही. बहिरूला मात्र रोज उन्हात बसवायला लागले, आणि तेलाची बाटली पुन्हा गोठ्यात आली. त्याचे पाय पुढं बरेच सुधारले. थोडा बाक राहिलाच.

त्यानंतर मी ह्या तालुक्यात बारा वर्षं काढली आहेत. कुठल्याही घरात बाळंतीण असली की उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी मी म्हणते, "दूध चांगलं हाय." बाळ कसं आहे, ताप आहे का, हे मागून. आधी ते वाक्य. मग बाटली काढते आणि म्हणते, "दूध चालूच ठेवायचं, आणि हे वरून." तेल देते, आणि थेंब मोजायच्या आधी बाळंतिणीकडून ते पुन्हा म्हणवून घेते. पोरी पदराआड हसतात. माझं नावच पडलं आहे, 'दूध-चांगलं बाई'. पोरंसुद्धा बांधावरून ओरडतात. ओरडू देत. ते वाक्य माझं नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते मी त्याच दिवशी ऐकलं होतं, कार्ड लिहून झाल्यावर.

कुशाबा पोस्टाकडं निघाले आणि भिमाबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी साळूचं मनगट धरलं होतं. मला वाटलं, आता काय? त्यांनी पावसासाठी एक पानांचं इरलं डोक्यावर घेतलं आणि तिला घेऊन मागल्या दारानं निघाल्या. मी मागोमाग गेले. खाचराच्या कडेला उंबर होता, तिथं कोंडाजीला पुरला होता. वर दगड आणि बाभळीचे काटे टाकलेले. पाऊस बारीक पडत होता. आवणी चाललेल्या शेतात बायका वाकून रोप लावत होत्या. त्यांच्यातल्या दोघी-तिघी उभ्या राहून बघायला लागल्या.

भिमाबाईंनी काटे बाजूला केले. हाताला रक्त आलं, ते लुगड्याला पुसलं.

"पाज त्याला," त्या म्हणाल्या.

साळूला कळेना. ती सासूकडं बघत राहिली. पट्टा सोडवल्यापासून तीन दिवसांत तिच्या छातीत पुन्हा दूध धरलं होतं. शरीराला कोण गेलं, कोण राहिलं, हे कुणी सांगत नाही. चोळी दोन्हीकडून भिजली होती, पावसानं नव्हे.

"पाज, पोरी. दूध चांगलं हाय तुजं." भिमाबाईंचा आवाज फुटला. "लई चांगलं हाय."

साळू खाली बसली. मी तोंड फिरवलं, पण फिरवता फिरवता दिसलं ते दिसलंच. भिमाबाईंनी डोक्यावरचं इरलं काढून साळूवर धरलं होतं, आणि दुसऱ्या हातानं शेतातल्या बायकांच्या बाजूला आपला पदर पसरून आडोसा केला होता. तिचं होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, उघड्या डोक्यानं भिजत.